पेटीवरून उचललेला हात

केशोराव बिसेन चार वाक्यं बोलले असते, तर मला ही पानं लिहावी लागली नसती. ते बोलत नाहीत. मग त्यांच्या वतीने सगळं गोंदिया बोलतं, आणि चुकीचं बोलतं. परवा भाजीवालीने वांगी तोलता तोलता मला विचारलं, "मॅडम, वो बिरसीवाले सर ने अपनीच चेली को नंबर दिए थे ना?" मी तिला म्हटलं, तू काट्याकडे बघ. पण तेवढ्याने भागत नाही. एकदा लिहूनच टाकते.

केशोराव मूळचे बिरसीचे. पोवाराचं घर, धानाची शेती, आणि मोठ्या मुलाने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरावं ही बापाची साधी अपेक्षा. मुलगा मात्र भजनी मंडळाच्या पेटीपासून हलत नसे. पुढे हट्टाने खैरागडच्या संगीत विद्यापीठात जाऊन रीतसर गाणं शिकला आणि परत येऊन गोंदियातल्या एका शाळेत संगीत शिक्षक झाला. तिथूनच निवृत्त झाला. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे. शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांना आम्हा दोघांना एकाच टेबलाशी बसवायचे, तेव्हापासूनची ओळख. मी बोलायची, ते ऐकायचे. निकालाच्या वेळी एक आकडा सांगायचे आणि उठून जायचे.

निवृत्तीनंतर ते बिरसीच्या घरी राहायला गेले. ओसरीवर मुलं गाणं शिकायला येतात. समोर त्यांचीच बांधी, आणि डोक्यावर विमानं. बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांची शाळा आहे, तिथली छोटी शिकाऊ विमानं सकाळपासून घिरट्या घालतात. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. केशोरावांनी त्याचाच धडा केला. विमान येताना त्याची घरघर चढी ऐकू येते, डोक्यावरून गेलं की उतरते. विमान दिसलं की ते मुलांना षड्ज लावून ठेवायला सांगतात. "विमानाच्या मागं जाऊ नोका," एवढंच म्हणतात. ज्याचा सा विमानाबरोबर खाली घसरला, तो बसला. ज्याचा जागेवर राहिला, तो पुढे शिकला.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. शिकवताना ते पेटी वाजवतात, पण भैरव राग आला की ऋषभापाशी पेटीवरून हात उचलतात. ऋषभ म्हणजे सा नंतरचा रे. भैरवात तो एका जागी ताठ उभा राहत नाही, सावकाश डोलतो. पेटीची पट्टी एकच ठाम सूर देते, तिला डोलता येत नाही. म्हणून तेवढ्यापुरता हात वर, मागे फक्त तंबोरा. नवं मूल विचारतं, सर, थांबले काऊन? मग ते समोरच्या बांधीकडे बोट दाखवतात. धानाची लोंब वाऱ्याने झुकते आणि परत जागेवर येते. झालं त्यांचं शिकवून.

तर यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडाशी नागपूरच्या एका चॅनेलने 'सूरझेप' नावाची स्पर्धा काढली. अठराच्या आतली मुलं, शास्त्रीय गायन, प्रत्येक जिल्ह्यातून दोघं नागपूरच्या अंतिम फेरीला. गोंदियाची फेरी इथल्याच एका मंगल कार्यालयात व्हायची होती. परीक्षक तिघं. केशोराव हे तज्ज्ञ, त्यांना नागपूरलाही बसायचं होतं. दुसरे नागपूरचे एक सुगम संगीताचे गायक. तिसरी मी, उच्चार आणि सादरीकरण पाहायला. मला सुरातलं बेताचं कळतं, पण एवढी वर्षं केशोरावांच्या शेजारी बसून कानाला वळण लागलेलं आहे.

कार्यक्रमाची सूत्रं दामिनी नावाच्या मुलीच्या हातात होती. हुशार, चटपटीत, कानाला सतत काहीतरी लावलेलं. तिने पहिलंच काम काय केलं असेल? एकही मूल मंचावर आलेलं नसताना आम्हा तिघांना खुर्च्यांवर बसवलं आणि मान डोलवायला लावली. आता हसा. आता आश्चर्य. आता "वा" म्हणा. समोर रिकामा मंच, एक माणूस सतरंजी झटकतोय, आणि नागपूरचे गायक डोळे मिटून वा, वा करताहेत. मीही लाजत लाजत एकदा हसले. केशोराव तलाठी कार्यालयात पाळीची वाट बघत बसल्यासारखे बसून राहिले. दामिनी म्हणाली, "सर, एक तरी वा. एडिटला लागतो." ते म्हणाले, "गाणं होऊ द्या."

गाणी झाली. दोनच सांगते. लोकेंद्र हा शिवलाल टेंभऱ्यांचा नातू. शिवलाल म्हणजे केशोरावांचे लहानपणापासूनचे मित्र, भजनी मंडळात पेटीशेजारी झांज घेऊन बसणारे, पोवार समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. नातू दिसायला देखणा, सिल्कचा कुर्ता, ताना घेतो बंदुकीच्या गोळ्यांसारख्या. फक्त त्या गोळ्या कुठेही लागत होत्या. माझ्या सामान्य कानालाही ते कळत होतं. केशोरावांनी दहापैकी चार दिले. निवेदिकेने विचारलं, सर, काय सांगाल? ते म्हणाले, "सा पाह्यजो." म्हणजे आधी सा सांभाळ. तेवढंच.

मग रीना मडावी आली. सालेकसाकडच्या जंगलपट्ट्यातली, वडील दसरू वनखात्याच्या कामावर. गावच्या आश्रमशाळेत एका शिक्षकाकडे गाणं शिकली, ते बदली होऊन गेले. आता गोंदियात वसतिगृहात राहून अकरावी करते. बिचारी वगैरे अजिबात नाही. मंचावर येताच तिने माईक आपल्या उंचीला ओढला आणि साउंडवाल्याला सांगितलं, मागची गिटार बंद करा, मले तंबोरा आयकू येत नाही. मग भैरव लावला.

आणि ऋषभ आला. त्याचं वर्णन मला जमणार नाही. एवढंच सांगते, माझ्या शेजारी केशोरावांचा उजवा हात टेबलावर होता, तो आपोआप वर उचलला गेला. समोर पेटी नव्हती, काही नव्हतं. आणि हा माणूस म्हणाला, "वा." त्यांच्या तोंडून हा शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता. त्यांनी नऊ दिले. रीना नागपूरच्या फेरीसाठी निवडली गेली, लोकेंद्र नाही.

प्रसारण रविवारी होतं. केशोराव टीव्ही बघत नाहीत. मी गोंदियालगतच्या कुडव्यात, माझ्या घरी, चहा घेऊन बसले. लोकेंद्र आला, गायला, आणि मी कप खाली ठेवला. पोरगा सुरात होता. एकूण एक तान जागच्या जागी. वर कडी म्हणजे त्या तानेवर केशोराव पडद्यावर दिसले, हात उचलून "वा" म्हणताना. तो रीनाचा वा होता, कापून इथे चिकटवलेला. आणि लगेच खाली गुण: चार.

मग रीना. भैरव तोच, मुलगी तीच, पण ऋषभ काठीसारखा ताठ. डोलणं नाही, झुकणं नाही. गुण: नऊ.

मी तिथल्या तिथे दामिनीला फोन केला. तिने काही लपवलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाली, आवाज सगळ्यांचेच सॉफ्टवेअरमधून काढतो, जो सूर हलतो तो जवळच्या पट्टीवर बसतो, प्रेक्षकांना क्लीन लागतं. मी म्हटलं, बाई, तू बेसुराला सुरात आणलंस आणि सुरातल्या मुलीवर इस्त्री फिरवलीस. ती म्हणाली, "मॅडम, दोघांना सारखंच केलंय. आम्ही भेदभाव करत नाही." तिला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्कुटी काढून बिरसी गाठली. शिवलाल माझ्या आधी पोहोचलेले. ओसरीवर उभ्यानेच चाललं होतं. "केशो, टीव्हीवर पोट्टा सुरात गाऊन राहिला, तू खुद्द वा म्हणून राहिला, अना मार्क चार? आपल्या लेकराले खाली पाडून तुले का भेटलं जी?"

केशोराव म्हणाले, "चहा घे."

"चहा नाही पाह्यजे. काऊन, ते सांग."

मी पुढे होऊन यंत्राचं सगळं सांगितलं. शिवलालनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हरलेला उमेदवार मतमोजणीबद्दल कथा सांगतोय. टीव्हीतून आवाज येतो तो आवाजच ना मॅडम, असं म्हणून ते निघून गेले. त्या आठवड्याच्या भजनाचं बोलावणं केशोरावांना आलं नाही.

मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, चॅनेलला पत्र लिहू, वर्तमानपत्रात देऊ, तुम्ही नुसतं सांगा की तुम्ही काय ऐकलंत. ते म्हणाले, "मी आयकलो ना. मार्क देल्ले. झालं." मी म्हटलं, झालं कसं, गाव तुम्हाला पक्षपाती म्हणतंय. ते लोंब्यांकडे बघत बसले. कॉलेजात मी अशा गप्प बसणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढत असे. यांना कुठे काढणार, ओसरी त्यांचीच.

हे एवढ्यावर मिटलं असतं. चार महिन्यांत लोक विसरले असते. पण पुढच्या रविवारी रीना आपल्या आईला, चमेलीला, घेऊन बिरसीला आली. सरांनी नऊ दिले म्हणून पाया पडायला. मी तिथेच होते, कारण पत्राचा मसुदा घेऊन मी पुन्हा भांडायला गेले होते.

रीना खुशीत होती. गावात कोणाच्या घरी किती माणसं टीव्हीसमोर बसली होती, दसरूने दुसऱ्या दिवशी कामावर कसे पेढे वाटले, सगळं एका दमात सांगून झालं. मग म्हणाली, नागपूरची तयारी करून राहिली आहे, आयकता का? केशोरावांनी पेटी पुढे ओढली. परीक्षकाने स्पर्धकाला शिकवायचं नाही असा नियम होता आणि तो योग्यच होता, पण ऐकायला हरकत नव्हती.

तिने भैरव लावला. ऋषभ आला तसा केशोरावांचा हात सवयीने पेटीवरून वर गेला. आणि तिथेच राहिला. मग तो सावकाश खाली आला, बोटाने ती पट्टी दाबली. पट्टीचा सूर आणि मुलीचा सूर एकच होता. एका केसाचाही फरक नाही. त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. त्यांनी भाता बंद केला.

"हे कोण शिकवलं तुले?"

"कोणीच नाही जी. मीच तं गायली होती असं. टीव्हीत आयकलं, तं मले समजलं मी कसं गायली." तिने मोबाईल काढला. ती चित्रफीत तिने उतरवून घेतली होती आणि रोज पहाटे उठून तिच्याबरोबर म्हणत होती.

माझ्या हातातला मसुदा मी घडी करून पर्समध्ये टाकला. गावाने काय म्हटलं, समाजाने काय म्हटलं, ते सगळं एकदम फालतू वाटायला लागलं. यंत्राने टीव्हीतला ऋषभ सरळ केला होता, तो मी शिव्या देऊन सोडून दिला असता. पण हिने तो मेहनतीने गळ्यात उतरवून घेतला होता.

केशोराव त्या दिवशी बोलले. त्यांच्या मानाने भाषणच. "ते तू नाही गायली. ते मशीन होय. तुझा ऋषभ डोलत होता. मी आयकलो आहो. या मॅडमनं आयकलं आहे."

रीनाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

तिला ते आवडलं नाही. "पण टीव्हीतलं जास्त साफ वाटते, सर. आमच्या गावात सगळ्याइले तेच आवडलं."

"तुले?"

"मले बी." आणि पुढे म्हणाली, "अना नागपूरले बी मशीन राहीलच ना? मी कसं बी गायली, तं टीव्हीत सरळच येईल. मंग डोलवू कायले?"

चमेली मुलीच्या दंडाला चिमटा काढत होती, सरांना उलट नको बोलू म्हणून. वरून एक विमान गेलं. कोणी षड्ज लावला नाही.

केशोराव म्हणाले, "टीव्हीतलं मशीन टीव्हीत राहते. तुझ्या गळ्यात बसलं तं मंग ते कोण काढणार?"

रीना नखाने सतरंजीचा दोरा उचकत बसली. मग म्हणाली, "तं काढून द्या तुम्ही. मले तं आता तसंच येते."

इथे तो नियम आडवा आला. शिकवायचं तर परीक्षक राहता येणार नाही. त्या प्रसारणानंतरही नागपूरच्या फेरीत बसावं, तिथे तरी नीट निकाल लावावा, म्हणून मी या माणसाच्या मागे लागले होते, आणि ते कसेबसे तयार झाले होते. केशोरावांनी विचारही केला नाही. मला म्हणाले, "मॅडम, त्या दामिनीले फोन लावून द्या."

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि खुणेने सांगितलं, आता तरी सगळं बोला. यंत्र, वा, इस्त्री, सगळं. त्यांनी फोन तोंडापाशी धरला. "केशो बिसेन बोलून राहिलो. मी आता परीक्षक नाही."

"का सर? काही प्रॉब्लेम झाला का?"

"रीना मडावी माझ्याकडे शिकाले येऊन राहिली."

बस. फोन मला परत. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तुम्हाला समजतंय का तुम्ही काय केलंत? गाव आधीच म्हणत होतं की मुलगी तुमचीच चेली, म्हणून नऊ दिले. आता तुम्ही स्वतःच्या तोंडाने शिक्का मारलात.

"म्हणू द्या."

"शिवलाल काय म्हणतील?"

हे मात्र लागलं असावं. ते जरा वेळ पेटीच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवत राहिले. मग म्हणाले, "शिवलाल म्हणंल, पाह्य, मी म्हणलो होतो." आणि रीनाला म्हणाले, "उद्यापासून ये. मोबाईल वसतिगृहात ठेवजो."

शिवलाल अगदी तेच म्हणाले. समाजाच्या सभेत म्हणाले, लग्नाच्या पंगतीत म्हणाले. दामिनीने केशोरावांच्या जागी दुसरे कोणी नेमले आणि चॅनेलवर खाली एक ओळ फिरवली की परीक्षक वैयक्तिक कारणाने बाहेर पडत आहेत. या दोन शब्दांत लोकांना काय काय सापडलं ते विचारू नका. भाजीवालीचा प्रश्न त्यातूनच आलेला.

वसतिगृहापासून बिरसी लांब, आणि पहाटे बस नाही. केशोराव स्वतः कोणाला विचारणार नाहीत, म्हणून मीच म्हटलं की मी सोडीन. या वयात रोज अंधारात हेल्मेट घालून स्कुटीवर एक पोरगी मागे बसवून निघते. माझा मुलगा पुण्याहून फोन करून ओरडतो, त्याला मी ओरडू देते. रीना मागे बसून अखंड बडबडते. नागपूरला घालायला उंच टाचांच्या चपला घ्यायच्या की नाही, यावर माझं मत तिने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मानलं नाही.

ओसरीवर मात्र काही पुढे सरकत नाही. केशोराव पेटी उघडतच नाहीत आता. नुसता तंबोरा. ती सा लावते, तो सुरेख लागतो, विमान गेलं तरी हलत नाही. मग ऋषभावर येते आणि ताठ उभी राहते. ती मुद्दाम हलवायला गेली की तो थरथरतो, तापकऱ्याच्या हातासारखा. केशोराव नाही म्हणून मान हलवतात. पुन्हा. पुन्हा. समोर बांधीत आता धान नाही, कापणी होऊन गेली आहे, तेव्हा बोट दाखवायलाही काही नाही. मी खांबाला टेकून बसते आणि मनातल्या मनात त्या चॅनेलच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. एकदा न राहवून मी म्हटलं, अहो, तुम्ही एकदा गाऊन दाखवा ना तिला. ते म्हणाले, "मंग पोरगी माझं घेईल. तिचं होतं, तेच वापस पाह्यजे."

परवा परत येताना ऊन चढत होतं. रस्ता रिकामा होता, म्हणून मी स्कुटी जरा जोरात सोडलेली. रीना मागे बडबड थांबवून गुणगुणत होती, मन भलतीकडेच होतं, बहुतेक चपलांमध्ये. आणि माझ्या उजव्या कानाशी तो आला. ऋषभ. झुकला, डोलला, परत जागेवर आला. मंगल कार्यालयात ऐकला होता तोच.

मी कचकन ब्रेक दाबला. ती माझ्या पाठीवर आदळली. म्हटलं, आत्ता काय म्हणालीस? पुन्हा म्हण. आत्ताच्या आत्ता.

तिने घाबरून घसा खाकरला, सा लावला आणि म्हटला. काठीसारखा सरळ.

मी स्कुटी वळवून तशीच बिरसीला परत नेली. केशोराव अजून ओसरीवरच होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, आला होता, अहो खरंच आला होता, माझ्या कानाशी आला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल.

"तुम्हाले थांबवाले कोण सांगतलं होतं, मॅडम?" ते म्हणाले. मग रीनाकडे वळून, "उद्या ये."

उद्या पुन्हा पहाटे निघायचं आहे. रीनाला बजावून ठेवलं आहे की मागे बसून काय वाटेल ते गुणगुण. मी मागे बघणार नाही, बोलणार नाही आणि ब्रेकला हात लावणार नाही. यातलं पहिलं मला जमेल. बाकीच्या दोन गोष्टींची मलाच खात्री नाही, आणि नागपूरची फेरी तोंडावर आली आहे.